बोरघळीच्या सड्यावरचे बैल

१८ ऑगस्ट २०२४

आज मी एका मंडळाची सभासद झाले. इतकं बिनडोक काम माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

दोष यांचा आहे. यांचा म्हणजे कुतुबुद्दीन शिकलगारांचा. सांगलीत कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान आहे आणि उरलेली धार घरी आल्यावर जिभेला लावतात. मे महिन्यात मी मोजणी खात्यातून निवृत्त झाले. तेव्हापासून मला घरातली प्रत्येक वस्तू वाकडी दिसते, असं यांचं म्हणणं. गेल्या आठवड्यात दुकानातल्या फळ्यांना ओळंबा लावून बघितला, तर यांनी पेपरातली एक बातमी समोर टाकली. “दगडावरची जुनी चित्रं हुडकणारं मंडळ हाय म्हणं कराडात. जा की. माझ्या फळ्या मोजण्यापरीस दगड मोज.”

म्हणून गेले. ‘कातळखुणा संवर्धन मंडळ, सातारा-सांगली’. हे मंडळ भरतं कुठे, तर दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. कपाटावर प्लास्टरच्या कवळ्या मांडलेल्या, त्यांच्यासमोर बसून पुरातन संस्कृतीवर चर्चा. दवाखाना सेक्रेटरींचा, डॉ. विश्वजित यांचा. अंगात पंधरावीस खिशांचं जॅकेट, सगळे खिसे रिकामे. मला पाहताच “या, या, भाभी!” मी याची भाभी कधी झाले? बाकीचे पाचसहा जण स्वतःला ‘अभ्यासक’ म्हणवतात. अभ्यास म्हणजे एकमेकांचे फोटो काढणे.

अध्यक्षीण प्रा. चंद्रप्रभा इंगवले, साताऱ्याच्या. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापक, वय पंचाहत्तरीच्या पुढे. बाईंचे यजमान कोयनानगरला इंजिनियर होते. तेव्हा, चाळीस वर्षांमागे, त्या भागातल्या बोरघळीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, बाईंना कातळावर कोरलेली बैलांची रांग सापडली. त्याचा एकच काळा-पांढरा फोटो आहे. तो फ्लेक्सवर मोठा करून लावलाय. बैल, आणि शेवटी एक चक्र. पुन्हा तिथे कुणी गेलेलं नाही. जागा फक्त बाईंना ठाऊक. आता त्या सड्यावरून पवनचक्क्यांच्या कंपनीचा रस्ता जाणार आहे, म्हणून सगळ्यांची धावपळ.

बाईंनी मला विचारलं, “शिकलगार? तुम्ही कुठल्या?” सांगितलं, सांगलीच्या. चहा झाला. पुन्हा माझ्याकडे वळून, तितक्याच गोड आवाजात, “तुम्ही कुठल्या?”

मोठी माणसं लहान माणसांची नावं मुद्दाम विसरतात, हे मी कचेरीत जन्मभर पाहिलंय. त्यात माझं आडनाव असं. जाताना एका अभ्यासकाने विचारलंच, “तुम्हाला यात इंटरेस्ट कसा काय?” जसं काही ते बैल त्याच्या घरच्या गोठ्यातले.

तरी वर्गणी भरली. का, ते नक्की सांगता येत नाही. फ्लेक्सवर फोटोखाली ‘मोजमाप उपलब्ध नाही’ असं छापलं होतं. ते वाचून राहवलं नाही, एवढंच.


१५ सप्टेंबर

आज पहिली सहल. औंधच्या अलीकडे एका माळावर खडकात ओळीने खळगे कोरलेत. गुराख्यांचा जुना खेळ असावा. मी टेप काढेपर्यंत डॉक्टरांनी खिशातून खडूचा डबा काढून खळग्यांत पूड भरायला सुरुवात केली. (म्हणजे एक खिसा रिकामा नव्हता.) का, तर ड्रोनमधून ठळक दिसावं.

मी म्हटलं, “डॉक्टर, पेशंटच्या दाताला फोटोसाठी डांबर फासता का?”

“भाभी, खडू आहे. पावसात निघून जातो.”

“दगडाच्या भेगांत काय काय जाऊन बसेल ते कोण काढणार? संवर्धन करायला आलोय ना आपण?”

मग सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच खडक फोडलाय. खडू तेवढा बंद झाला.

इंगवले मॅडम मात्र बोलल्या फार सुरेख. दगडावर रेघ ओढणारा माणूस कुणाला तरी काही सांगत असतो, आणि ते आपल्याला कळलं नाही तरी पुसायचा हक्क आपल्याला नाही, असं काहीतरी. मी भारावलेच होते. पण जेवणं झाल्यावर बाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि तेच भाषण, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबत. स्वतःच्या आवाजाची एवढी हौस! कुणी हूं की चूं केलं नाही. उलट डॉक्टरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. हांजीहांजी करावी ती किती.

त्यांची सून सृष्टी सावलीसारखी मागे असते. बँकेत आहे म्हणे. बाईंना प्रश्न विचारला की उत्तर ही देते. पाण्याच्या बाटलीचं झाकणही हीच उघडते. बाईंच्या मनगटाला रबरी पट्टा, त्यावर फोन नंबर. या वयात फॅशन. आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला, एक तपकिरी, एक काळी. विद्वान माणसांचा विसराळूपणा मिरवायची ही एक तऱ्हा असते.

निघताना, “तुम्ही कुठल्या हो?”

मी तोंड फिरवून गाडीत बसले.


६ ऑक्टोबर

अखेर बोरघळीचा सडा. लिहायलाही संताप येतोय.

पहाटे निघायचं ठरलं होतं. पण पाटणला मिसळ खाल्ल्याशिवाय या लोकांना इतिहास सुचत नाही. वर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर. गवत गुडघ्याएवढं. वारा असा की बोललेलं स्वतःला ऐकू येईना. कंपनीच्या लाल फडक्यांच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. निदान ते तरी वेळेवर कामाला लागलेत.

मॅडमनी आधी उत्तरेकडे नेलं. मग म्हणाल्या, छे, तो दुसरा डोंगर. मग दक्षिणेकडे. वाटेत थांबून मला विचारलं, “धरणाचं पाणी कुठं गेलं?” धरण होतं तिथेच आहे, पण त्या बाजूने दिसत नाही, एवढंच. शेवटी एका घळीत उतरल्या. पश्चिमेला उघडी, बाकी तिन्ही अंगांना खडक, म्हणून वारा नव्हता. तिथे एका सपाट, जरा कललेल्या कातळावर हात ठेवून म्हणाल्या, “इथंच. इथंच होते.”

आम्ही सगळ्यांनी डोळे फोडून पाहिलं. काही नाही. डॉक्टरांनी दोन बाटल्या पाणी ओतलं. ओला दगड दिसला. मी गवत उपटून हात फिरवला. खडबडीत दगड. कातळ सगळे खडबडीतच असतात.

“इथं काहीही नाही,” मी म्हटलं. सगळ्यांच्या मनात तेच होतं, बोलायची हिंमत नव्हती. मग मी त्याच दगडावर फडकं पसरून डबा उघडला आणि भाकरी खाल्ली. दिवसभरात झालेलं तेवढंच उपयोगाचं काम.

बाई मात्र उठेनात. “मी न्हाई येत. इथंच हायती,” असं एकदम खेड्यातल्यासारखं बोलायला लागल्या. सृष्टीने पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली, हाताला धरलं, तेव्हा उठल्या. प्राध्यापक बाईला गोळी देऊन उठवायचं! लाडांनाही काही सीमा असते.


९ ऑक्टोबर

यांना सगळं सांगितलं. भाषणाचं, गोळीचं, चपलांचं. मला वाटलं हसतील. हे कात्रीचा खिळा घट्ट करत होते, ते थांबले.

“दोन पायांत दोन चपला?”

“हो. तालेवार लोकांची तऱ्हा.”

“आन एकच गोष्ट परत परत इचारती?”

“मला. मुद्दाम.”

“माझ्या फुफीचं असंच...”

फुफी म्हणजे आत्या; यांना प्रत्येक गोष्टीत कुणीतरी नातेवाईक आठवतो. म्हटलं, फुफी राहू दे, जेवायला चला. जेवताना एवढंच म्हणाले, “जरा दमानं घे, नूर.”

मी दमानं घेतलं असतं तर मोजणी खात्यात माझ्या टेबलावरून किती लोकांनी शेजाऱ्याचा बांध खाल्ला असता, याची यांना कल्पना नाही.


१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, निवडणुकीचा कल्ला चालू आहे. साहेब लोक मतदानाच्या तयारीत आणि बैलांचा कातळ वाचवा म्हणून मंडळाने सरकारकडे केलेला अर्ज परत आलाय. येणारच होता. ‘बोरघळीचा सडा’ एवढाच पत्ता. गट नंबर नाही, हद्द नाही, जागेचा नकाशा नाही. उद्या मी अर्ज करेन, आभाळाचं संरक्षण करा म्हणून.

कंपनीचं यंत्र जानेवारीत वर चढणार, असं डॉक्टर सांगत होते. फोनवर आवाज रडवेला. ड्रोन आहे ना, म्हटलं, उडवा.

पण काल रात्रीपासून एक विचार डोक्यातून जात नाही. तो फोटो कोकणातला कशावरून नसेल? तिकडे सड्यांवर असली शिल्पं ढिगाने आहेत. बाईंनी एक फोटो मिळवला, जागा सांगितली नाही, आणि चाळीस वर्षं त्यावर मानसन्मान घेतला. म्हणून तर ‘हा डोंगर, नव्हे तो डोंगर’ चाललंय. म्हणून तर सून एकटीला बोलू देत नाही. सगळं बरोबर जुळतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वार्षिक सभा आहे. मी सरळ विचारणार.


१ डिसेंबर

विचारलं.

सभा भरलेली होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, “मॅडम, तुम्ही स्वतः ते बैल पाहिलेत ना? मग एवढंच सांगा, कुठल्या गावातून चढलात? कुठल्या महिन्यात? वाटेत काय लागलं?”

सृष्टी म्हणाली, “काकू, ते आपण नंतर...”

“मी मॅडमना विचारतेय.”

बाई उठल्या. टेबलावर हात टेकला. माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. दार चुकून दुसऱ्याच घरात शिरलेला माणूस बघतो तसं. मग हसून म्हणाल्या, “साहेबांना विचारा ना. त्यांच्या सगळं लक्षात असतं. खाली गाडीत बसलेत ते. सृष्टी, बोलव गं त्यांना.”

सृष्टी जागची हलली नाही. डॉक्टरांनी खाली बघितलं.

मग बाई स्वतःच दाराकडे निघाल्या, “अहो” अशी हाक मारत. जिन्यावर सृष्टीने त्यांना धरलं.

मी जिंकले म्हणायचं. कराडहून परतताना एसटीत शेजारची बाई विचारत होती, बरं वाटत नाही का. मला काय धाड भरलीय.


२ डिसेंबर

यांच्या फुफीचं काय झालं होतं ते आज पहाटे मीच विचारलं. अकरा मुलं वाढवलेली बाई. शेवटी शेवटी आपल्याच घरात बसून ‘मला घरी सोडा’ म्हणायची. कितीही वेळा चहा दिला तरी पुन्हा मागायची आणि दिला नाही म्हणून रडायची.

“तू मला ऑक्टोबरात का नाही सांगितलंस?” मी ओरडले. इतकी चिडले की ‘तुम्ही’ विसरले.

हे म्हणाले, “सांगत हुतो. तू जेवायला वाढलंस.”

त्या मूर्ख मंडळाला हे ठाऊक होतं! डॉक्टरला ठाऊक होतं, म्हणून दोनदा टाळ्या. सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. आजारी बाईला भर उन्हात सड्यावर फिरवतात, सभेत खुर्चीवर बसवतात, आणि नवख्या माणसाला तिच्यावर सोडतात. असल्या लोकांना कातळ जपायचेत. आधी माणूस जपा म्हणावं.

हे सगळं खरं आहे. पण सभेत उभी कोण राहिली होती, ते कालपासून डोळ्यांपुढून जात नाही.


८ डिसेंबर

साताऱ्याला गेले. माफी मागायला नाही, जाब विचारायला.

सृष्टीने दार उघडलं. मला पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला, पण आत घेतलं. मी सुरू केलं, “तुम्ही लोकांनी हे लपवलं का?”

ती शांतपणे म्हणाली, “काकू, लपवलं नाही. सांगितलं नाही. सांगितलं की लोक गप्प होतात. आईंना कुणी काही विचारतच नाही. भिसीच्या बायका घरी येऊन मला विचारतात, ‘कशा आहेत?’ आणि त्या समोर बसलेल्या असतात. मंडळात निदान भांडण्याच्या लायकीचं समजतात त्यांना. तुम्ही तर सगळ्यांत जास्त भांडलात.” थोडं थांबून म्हणाली, “पप्पा जाऊन बारा वर्षं झाली. त्या दिवशी जिन्यावर मला पहिल्यांदा सांगावं लागलं. म्हणजे त्यांच्या दृष्टीने पहिल्यांदाच. रात्रभर रडल्या. सकाळी विसरल्या.”

माझा जाब तिथेच संपला. असं क्वचित होतं.

बाई आतल्या खोलीत होत्या. मांडीवर तोच फोटो. मला ओळखलं नाही, पण बसायला सांगितलं. मी म्हटलं, बैल छान आहेत. म्हणाल्या, “हे आत्ता झोपलेत. उन्हं उतरली की चालायला लागतात.”

“बरं,” म्हटलं.

“एक एक करून उठतात. शेवटी गाडा.”

बिचारीला दगडातले बैल चालताना दिसतात. ऐकवत नव्हतं, म्हणून उठले. दारात सृष्टीला उगाच बोलून गेले की पुढच्या रविवारी पुन्हा सड्यावर जाऊ, डॉक्टर धरून चौघंच, गवत आता वाळलं असेल. आम्ही काही शोधू असं नव्हे. बाईंना वारा लागेल.


१५ डिसेंबर

आज जे घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी निघायचं होतं. सृष्टीचा फोन, आई साडी नेसायला तयार नाहीत. मग त्या नेसल्या, तर गाडीत बसेनात. डॉक्टर आणि मी पाटणच्या स्टँडवर ताटकळत. डॉक्टरांनी मिसळ सुचवली, मी नुसतं पाहिलं. गाडी सड्यावर पोचायला चार वाजून गेले. गुरांनी गवत खाऊन उरलेलं वाळलं होतं. खुंट्या मात्र वाढलेल्या.

डॉक्टरांनी ड्रोन काढला, वाऱ्याने तो करवंदीच्या जाळीत फेकला. मग म्हणे, “भाभी, आता उशीर झालाय, फोटो काढू आणि उतरू.” मी म्हटलं, “तुमच्या जॅकेटला खिसे आहेत तेवढी अक्कल असती, तर मंडळाने चार कामं केली असती. आणि मी तुमची भाभी नाही!” आणि तरातरा निघाले. कुठे, ते पाहिलं नाही. वाऱ्याला पाठ देत चालले आणि वारा थांबला तिथे बसले. पाणी प्यायले. मान वर केली तर समोर मावळतीचं ऊन थेट घळीत.

ही तीच घळ. मी भाकरी खाल्ली ती.

पायाशी एक काळी रेघ दिसली. वाटलं, वाळलेलं गवत. झटकली, हलेना. रेघ वळली, शिंग झालं. मी पाय मागे घेतला तर माझी सावली सरकली आणि तिथे पाठ उमटली, वशिंड, शेपूट. मी उठून कडेला झाले. ऊन तिरकं होत गेलं तशा खाचांत सावल्या भरत गेल्या, आणि एका मागून एक बैल वर आले. शेवटी चक्र.

भर दुपारी ऊन वरून पडतं, तेव्हा या उथळ खाचांत सावली धरत नाही. एवढी साधी गोष्ट. आम्ही मिसळ खाऊन भर दुपारी आलो, आणि बाई म्हणत राहिल्या, इथंच हायती. त्या बरोबर होत्या. मी त्यांच्या बैलाच्या पाठीवर बसून जेवले.

मी लगेच हाक मारली नाही. थोडा वेळ ते फक्त माझे होते. हे कुणाला सांगणार नाही, इथे लिहिते. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.

मग ओरडले. डॉक्टर धावत आले. पाहिलं, आणि गुडघ्यावरच बसले. त्यांचा हात सवयीने खडूच्या खिशाकडे गेला. मी पाहिलं. हात परत आला. म्हणाले, “सॉरी, मॅडम.”

सृष्टी बाईंना हाताला धरून उतरवत होती. आम्ही बाजूला झालो. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा म्हणतील, बघा. बाई वाकून बघायला लागल्या. तोंडाला पदर लावला.

“अगंबाई! कुणी काढलं गं हे? किती गोड!”

सृष्टी तोंड फिरवून रडायला लागली. बाई खाली बसल्या आणि शिंगाच्या खाचेतून बोट फिरवत राहिल्या, पोरीच्या भांगातून फिरवावं तसं. सूर्य बुडला, बैल गेले. बाई अंधार पडेपर्यंत त्या नुसत्या दगडाकडे हसत बघत होत्या.

मोजमाप राहिलं. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा टेप पिशवीतच राहिला.


९ जानेवारी २०२५

मोजमाप नंतर दोनदा जाऊन घेतलं. गट नंबर, हद्द, नकाशा, सगळं जोडलं. अर्ज असा केला की तो परत पाठवायला माणूस शोधावा लागेल.

आज मंडल अधिकारी आले. मानसिंग नावाचे, पोट आधी येतं मग ते. मी संध्याकाळी पाचची वेळ दिल्यामुळे नाराज. “आवं बाई, सरकारी मानूस पाचला घराकडं निघतो. तुमी डोंगरावर बोलवताय.” म्हटलं, बैल सरकारी नोकरीत नाहीत. कंपनीचा इंजिनियरही आला होता, स्वच्छ बूट घालून.

ऊन उतरलं, बैल उठले. मानसिंगरावांची टोपी हातात आली. “च्यायला,” असं म्हणून त्यांनी जीभ चावली. नंतर पंचनामा लिहिताना विचारलं, “हुडकलं कुणी?”

डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला. मी म्हटलं, “प्रा. चंद्रप्रभा इंगवले. या समोर बसल्यात त्या.”

बाईंनी मान वर केली. “मी? छे. मी आज पहिल्यांदाच बघतेय. खोटं लिहू नका हं.”

मानसिंगराव पेन धरून माझ्याकडे बघायला लागले. इंजिनियर हसला. ज्या बाईला मी भर सभेत खोटी ठरवायला निघाले होते, ती मला खोटं लिहू देत नव्हती.

“लिहा,” मी म्हटलं. “सहा ऑक्टोबरला भर दुपारी या बाईंनी याच कातळावर हात ठेवून जागा दाखवली. सोबतच्या लोकांना दिसलं नाही, कारण ते मूर्ख होते. त्यांतल्या नूरजहां शिकलगार यांनी ‘इथं काहीही नाही’ असं सांगितलं. ते चूक होतं.”

“‘मूर्ख’ बी लिवू?”

“ते राहू दे. बाकी सगळं लिहा.”

बाईंनी सृष्टीला विचारलं, “कुणाबद्दल चाललंय?” ती म्हणाली, “तुमच्याबद्दल, आई.” बाईंना ते आवडलं. ताठ बसल्या.

निर्णय होईपर्यंत कंपनीचा रस्ता सड्याच्या दुसऱ्या अंगाने जाईल. घळीजवळच्या खुंट्या इंजिनियरने माणसांकडून उपटून घेतल्या. सरकारी ‘निर्णय होईपर्यंत’ किती लांब असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. या खेपेला लांबेल तेवढं बरं.


३० जानेवारी

मंडळाची मूर्खपणाची परंपरा चालू आहे. आता ‘बैल महोत्सव’ करायचा ठराव आलाय, फ्लेक्ससकट. मी विरोध नोंदवला आणि तो विरोध मंजूर झाला. डॉक्टरांनी माझ्या बाजूने मत दिलं. माणूस तितका रिकामा नाही.

बैलांची नक्कल मी पारदर्शक कागदावर उतरवतेय. ते काम साताऱ्याला इंगवल्यांच्या जेवणाच्या टेबलावर करते, कारण ते टेबल मोठं आहे. दुसरं कारण नाही. सांगलीहून येण्याजाण्यात दिवस जातो, पण यांना दुकानात शांतता मिळते, म्हणजे दोघांचं भलं.

बाई समोर बसतात. कधी मला विद्यार्थिनी समजतात, कधी मोलकरीण, आणि एकदा नणंद समजून माझ्या माहेरच्या माणसांची अर्धा तास उणीदुणी काढली. मीही माझ्या नणंदेची काढली. दोघींचं छान जमलं. आज कागद पाहून म्हणाल्या, “शेपटी चुकलीय. ही खाली येते आणि बाहेर वळते.” मी म्हटलं, मोजून काढलंय. तरी फोटोशी ताडून पाहिलं. वळत होती. पुसून पुन्हा काढलं. यांना सांगणार नाही.

निघताना चपला घालत होते, तर आतून बाईंचा आवाज आला. कुजबुजत होत्या असं त्यांना वाटत असावं.

“सृष्टे, ही बाई लय तुसडी हाय गं.”

“आई, हळू. बाहेरच आहेत त्या.”

“आसूदे. पर हिला परत बोलीव.”

तुसडी म्हणे! बोलण्याची काही पोच असावी माणसाला. पुढच्या गुरुवारी जाताना भडंग नेणार आहे. सृष्टीकडचा चिवडा नरम असतो, आणि बाईंना तो खावा लागतो.